‘पब’, ‘हॉटेल’ आणि ‘अपांक्तेय’

इंग्रजी गद्याचे मराठीत भाषांतर करताना खरी दमछाक अवघड शब्द करीत नाहीत. अवघड शब्दासाठी कोश असतो. दमछाक करतात ते साधे, रोजच्या वापरातले शब्द. ज्यांचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो आणि तरीही ज्यांना आपल्या भाषेत जागा सापडत नाही. ‘पब’ हा असाच एक शब्द. भूमसारख्या तालुक्याच्या गावी मराठीचे अध्यापन करताना भाषांतराच्या तासाला हा शब्द आमच्यापुढे वारंवार येतो. उतारा जॉर्ज एलियटचा असो वा टॉमस हार्डीचा. गावकरी संध्याकाळी कोठेतरी जमतात, शेगडीपाशी बसतात, काही खातात, काही पितात आणि गावच्या भानगडी चघळतात. या ‘कोठेतरी’साठी विद्यार्थी नाना शब्द सुचवतात. दारूचा गुत्ता, खानावळ, ढाबा, परमिट रूम, मद्यालय, धर्मशाळा. एखादा विचार करणारा विद्यार्थी ‘पार’ किंवा ‘चावडी’ म्हणतो. प्रत्येक शब्द लावून पाहावा आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांडून जावे, असा हा प्रकार आहे.

हे जे सांडते त्याविषयी आम्हांला येथे लिहायचे आहे. इंग्रजांसारखी बिअर आपल्याकडे नव्हती म्हणून शब्द मिळत नाही, हे वरवरचे उत्तर झाले. आमच्या मते अडचण पेयाची नसून जेवणाची आहे. गावातल्या माणसांनी आपल्याच गावात, आपापल्या पैशाने, एका छपराखाली बसून खावे ही रीतच आपल्याकडे नव्हती. ती का नव्हती याचा शोध घेऊ लागलो की भाषांतराचा तास जातिव्यवस्थेच्या तासात कधी बदलतो ते कळत नाही. आणि तो तसा बदलू द्यावा, असेच आमचे मत आहे.

प्रथम त्यांच्याकडची वस्तू नीट पाहू. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे लघुरूप. त्याच्या पूर्वजांत तीन घरे होती : वाटसरूंना निवारा व जेवण देणारे ‘इन’, वाइन विकणारे ‘टॅव्हर्न’ आणि गावठी बिअर विकणारे ‘एलहाउस’. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या कॅन्टरबरीच्या यात्रेकरूंना लंडनजवळच्या सदर्क येथील ‘टॅबर्ड’ नावाच्या इनमध्ये एकत्र आणले. तेथे सरदार आहे, मठाधिकारिणी आहे, पिठाच्या चक्कीचा मालक आहे, स्वयंपाकी आहे आणि नांगऱ्याही आहे. सर्वांना एकाच घरात जेवण मिळते. जेवणानंतर घराचा मालक हॅरी बेली कथास्पर्धेची कल्पना मांडतो आणि बक्षीसही जेवणाचेच ठरते : ज्याची कथा उत्तम त्याला परतल्यावर याच ठिकाणी बाकीच्यांच्या खर्चाने मेजवानी. इंग्रजी कथनपरंपरेतील एक आद्य ग्रंथ असा सार्वजनिक जेवणाच्या टेबलावरून सुरू होतो, ही बाब आपण सहसा ओलांडून पुढे जातो.

एलियटच्या ‘सायलस मार्नर’मध्ये (१८६१) रॅव्हलो गावचा ‘रेनबो’ आहे. पंधरा वर्षे गावात राहूनही गावाला परका राहिलेला विणकर सायलस, घरातले सोने चोरीला गेल्यावर धावत जातो तो या ‘रेनबो’त. आपल्याकडे तो पाटलाच्या वाड्यावर किंवा चावडीवर गेला असता. तेथे जमलेले लोक आधी त्याला भूत समजतात, मग शेगडीपाशी बसवतात, त्याची कहाणी ऐकतात. सायलस गावाचा होऊ लागतो तो त्या घटकेपासून. म्हणजे पब हे त्या गावाचे न्यायासन आहे, वार्तापत्र आहे आणि शेजाराचे दारही आहे. ‘दारूचा गुत्ता’ असे भाषांतर केले की ही तिन्ही कामे नाहीशी होतात. उरतो तो केवळ झिंगलेला माणूस.

पबमधील जेवणाविषयीही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रविवारचे भाजलेले मांस, मांसाचे पाय, तळलेला मासा व बटाटे, किंवा पाव-चीज-लोणच्याचे ‘प्लाउमन्स लंच’ या पदार्थांकडे पाहून हे सारे फार जुने असावे असे वाटते. पाव, चीज आणि कच्चा कांदा शेतावर बांधून नेणारा नांगऱ्या इंग्लंडमध्ये पूर्वी होताच. तो आपल्या भाकरी-ठेच्याच्या गाठोड्याचा सख्खा भाऊ. परंतु ‘प्लाउमन्स लंच’ या नावाने तो पदार्थ पबच्या पाटीवर चढला तो प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दूध व चीज व्यवसायाच्या प्रचारमोहिमांमुळे. इअन मॅकइवनची पटकथा असलेल्या १९८३ सालच्या एका इंग्रजी चित्रपटाने हेच नाव धारण केले ते याच कारणासाठी : सोयीचा भूतकाळ कसा तयार केला जातो, हे त्यातून सुचवायचे होते. तेव्हा ‘पारंपरिक इंग्रजी पबचे जेवण’ या शब्दांपुढे नतमस्तक होण्याची गरज नाही. परंपरा तेथेही रचली जाते. खरी जुनी गोष्ट पदार्थांत नसून बसण्याच्या रीतीत आहे : काउंटरशी जावे, पैसे द्यावेत, ताट-पेला घेऊन शेजाऱ्यांत बसावे, आज माझ्या पैशाने सर्वांना, उद्या तुझ्या.

ही बसण्याची रीत तरी सर्वांसाठी खुली होती काय? येथे आपल्या इंग्रजीच्या मित्रांनाही सावध करावेसे वाटते. कारण पबचे गोडवे गाताना त्यातील भिंती विसरल्या जातात. ‘रेनबो’तच पाहा. एलियट सांगते की उजव्या हाताला साध्या गिऱ्हाइकांची खोली आहे आणि डाव्या हाताची बैठक प्रतिष्ठितांसाठी राखून ठेवलेली आहे. हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’मध्ये (१८८६) तर एका बाजारगावात तीन पायऱ्यांची तीन घरे आहेत : ‘किंग्ज आर्म्स’मध्ये नगराध्यक्ष मेजवानी झोडतो आणि गरीब लोक रस्त्यावरून खिडकीतून ते पाहतात; ‘थ्री मरिनर्स’ मध्यम ऐपतीच्यांसाठी; आणि ‘पीटर्स फिंगर’ वस्तीतल्या दरिद्री व बदनाम लोकांसाठी. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये ‘द मून अंडर वॉटर’ या लेखात आपल्या मनातल्या आदर्श लंडनी पबचे चित्र रेखाटले. त्या आदर्शातसुद्धा साध्यांचा बार वेगळा, बऱ्यापैकी लोकांचा बार वेगळा आणि बायकांचा बार वेगळा आहे. असा पब प्रत्यक्षात नाही, हे लेखाच्या ओघात ऑर्वेल स्वतःच सांगून टाकतो.

पुढचा इतिहास अधिक कठोर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज, पंजाब आणि पाकिस्तानातून गेलेल्या कामगारांना अनेक पबांच्या काही खोल्यांत प्रवेश नाकारला जाई. बर्मिंगहॅमजवळचे स्मेदिक हे गाव त्यासाठी कुप्रसिद्ध होते. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स तेथे गेला तो तेथील भारतीय कामगार संघटनेच्या निमंत्रणावरून. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि पब, हॉटेल, उपाहारगृह अशा सार्वजनिक जागी रंगावरून अटकाव करणे बेकायदा ठरले. स्त्रियांची कथा आणखी लांबली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील ‘एल व्हिनो’ या पत्रकारांच्या अड्ड्यावर स्त्रियांना काउंटरशी उभे राहून पेय मागता येत नसे. हा नियम न्यायालयाने बेकायदा ठरवला तो १९८२ साली. ‘पब्लिक हाउस’मधील ‘पब्लिक’ या शब्दाचा अर्थ असा हप्त्याहप्त्याने वसूल करावा लागला आहे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. ‘गुत्ता’ हा शब्द मराठवाड्यात मुळात मक्ता या अर्थाने रुळलेला आहे. आजही रस्त्याचे वा इमारतीचे काम घेणाऱ्याला आपण ‘गुत्तेदार’ म्हणतो. निजामी राजवटीत ताडी-दारू विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई, आणि त्या मक्त्यावरून दुकानालाच गुत्ता हे नाव चिकटले. म्हणजे या शब्दाच्या पोटात सरकारचा महसूल आहे. बसणाऱ्यांची सोबत नाही. ‘परमिट रूम’ हा शब्द १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे अपत्य. परवाना असलेल्यानेच प्यावे, तेही ठरावीक खोलीत, ही त्याची जन्मकथा. अंधार, पडदा आणि चोरटेपणा त्याला जन्मतःच लाभले. इंग्रजीत ‘सार्वजनिक घर’ आणि आपल्याकडे ‘परवान्याची खोली’ : दोन समाजांनी एकाच व्यवहाराला दिलेली ही दोन नावे एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत.

‘खानावळ’ हा शब्द अधिक उबदार खरा. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी एक सबंध श्रमिक संस्कृती पोसली, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’च्या रूपाने त्यांची संघटना उभी केली. पण खानावळीत जेवतो कोण? ज्याचे घर दूर आहे तो. गिरणी कामगार, विद्यार्थी, बदलीवरचा कारकून. खानावळ ही परगावच्या माणसाची सोय आहे. घर शेजारच्या गल्लीत असताना खानावळीत जेवणाऱ्या माणसाविषयी गावात लगेच चौकशी सुरू होते : बायको माहेरी गेली की भांडण झाले? ढाब्याचेही तसेच; तो रस्त्याचा आहे, गावाचा नाही. पबचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे. तेथे जेवणाऱ्याचे घर पलीकडेच असते आणि तरी तेथे जेवण्यात त्याला वा घरच्यांना कमीपणा वाटत नाही.

आपल्या गावांत एकत्र जेवण नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. लग्नाची पंगत आहे, सप्ताहाच्या शेवटी काल्याचा महाप्रसाद आहे, जत्रेचा भंडारा आहे, दर्ग्यावरची कंदुरी आहे आणि कंदुरीला हिंदू घरेही असतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर तर मराठवाड्याच्या भूमीवरचाच. या सर्वांचा आम्हांला आदर आहे. परंतु या साऱ्या जेवणांत एक यजमान असतो वा एक देवता असते, आणि जेवणारा पाहुणा असतो किंवा भक्त असतो. अन्न दिले जाते, विकले जात नाही. ज्या अन्नाला दाता असतो त्या अन्नाला पंगत असते, आणि पंगतीला क्रम असतो. कोण आधी बसणार, कोण नंतर, कोणाला आत, कोणाला अंगणात, कोणाला पत्रावळीवर आणि कोणाला पदरात. या क्रमासाठी मराठीकडे शब्दांची वाण नाही. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द पाहा : एकाच पंगतीत वाढताना केलेला भेदभाव. ‘रोटीव्यवहार’ आणि ‘रोटीबंदी’ पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचा, ‘अपांक्तेय’ : पंक्तीला बसण्यास अपात्र.

हा शेवटचा शब्द आपल्या समीक्षेत फार लाडका आहे. अमुक कवी अपांक्तेय राहिला, तमुक वाङ्मयप्रकार अपांक्तेय ठरला, असे आपण सहज लिहून जातो. त्या शब्दात एक ताट आहे आणि ताटावरून उठवलेला माणूस आहे, याची आठवण लिहिताना कितीजण ठेवतात? जेवणातून वगळण्यासाठी इतकी नेमकी पारिभाषिक शब्दावली असलेल्या भाषेला, गावाने समान पैशात समान बसून खाण्यासाठी एकही जुना शब्द नसावा, यात योगायोग नाही. समाजाने ज्या व्यवहाराला जागा दिली नाही, त्याला भाषेने तरी शब्द कोठून द्यावा?

बलुतेदारीच्या चौकटीत अन्न हा मोबदला होता, आणि गावकीची कामे करणाऱ्या महाराला तो दारोदार फिरून भाकरीच्या रूपाने गोळा करावा लागे. ते अन्न विकत घेतलेले नसल्यामुळे त्यावर हक्क सांगताना मान खाली घालावी लागे. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशा भाकरीचा आणि तिच्याबरोबरच्या गावकीच्या कामांचा त्याग करण्यास सांगितले. या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकात गावोगावी जे चहाचे ‘हॉटेल’ आले त्याकडे पाहिले पाहिजे. मराठी खेड्यातील ‘हॉटेल’ म्हणजे राहण्याची जागा नव्हे. राहण्यासाठी आपण ‘लॉज’ म्हणतो. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, रॉकेलचा स्टो, काचेच्या बरणीतील शेव-चिवडा, कढईतली भजी, आमच्या भागात सकाळी सुशीला, खव्याच्या या मुलखात एखादा पेढा वा गुलाबजाम, आणि सर्वांनी मिळून वाचायचे एकच वर्तमानपत्र. ‘आज चहा कोणाकडे?’ हा प्रश्न तेथे रोज विचारला जातो, आणि तो इंग्रजी पबमधील पाळीपाळीने पाजण्याच्या रिवाजाशी सहज नाते सांगतो. निवडणुकीचे अंदाज, पावसाचे अंदाज, सोयऱ्यांच्या भानगडी, कारखान्याचा भाव : ‘रेनबो’तील सर्व विषय येथेही आहेत. ‘पब’ला मराठीत कोणी सख्खे असेल तर ते हे हॉटेल.

आणि या हॉटेलात नवी गोष्ट होती ती नाण्याची. भाकरी मागावी लागे. चहा विकत मिळे. नाणे टाकणाऱ्याची जात नाण्यावर उमटलेली नसते. पंगतीच्या क्रमाला या साध्या व्यवहाराने धक्का दिला असता. गावाने तो धक्का ओळखला आणि तोडगा काढला : पैसा एक, कप दोन. दलितांसाठीची कपबशी बाहेर, वळचणीला किंवा खुंटीला. पिणाऱ्याने ती स्वतः घ्यावी, स्वतः विसळावी आणि परत ठेवावी. चवदार तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न पाण्याचा होता, तोच हॉटेलात चहाचा झाला. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला तो उगीच नाही. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्याने तर हॉटेलातील भांड्यांच्या वापरास अटकाव करणे हाही गुन्हा ठरवला. ब्रिटनमधील तशा कायद्याच्या दहा वर्षे आधी आपला कायदा आला. कायद्यात आपण पुढे होतो. कपात मागे राहिलो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने (१९८४) हे मराठी वाचकापुढे ठेवले. शाळेच्या सहलीत सवर्ण मुले एका झाडाखाली, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली. आणि मग उरलेल्या अन्नाचे गाठोडे. त्याच आत्मकथनात गावच्या हॉटेलातील वेगळ्या कपबशीचाही विषय येतो. हे वाचलेल्या विद्यार्थ्यासमोर आपण ‘सायलस मार्नर’ ठेवतो आणि ‘रेनबो’चे वर्णन गमतीदार ग्रामजीवन म्हणून शिकवतो, तेव्हा दोन पुस्तकांमधला पूल बांधायचा राहून जातो.

असा पूल प्रत्यक्षात बांधणारे एक हॉटेल महाराष्ट्रात होऊन गेले. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळे यांना स्वतंत्र व्यवसायासाठी मदत केली. कोल्हापुरात त्यांचे ‘सत्यसुधारक हॉटेल’ निघाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः आले, सर्वांदेखत चहा प्याले आणि बरोबरच्या मंडळींनाही त्यांनी पाजला. या प्रसंगाकडे आपण राजाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून पाहतो. आम्हांला त्यातील व्यवहाराचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. महाराजांना भंडारा घालता आला असता, सहभोजनही योजता आले असते. त्यांनी दुकान काढून दिले. तेथे कांबळे हे याचकही नव्हते आणि पाहुणेही नव्हते. ते गल्ल्यावर बसलेले मालक होते, आणि चहा पिणारा त्यांचे गिऱ्हाईक होता. एक दिवसाचे सहभोजन संपते. दुकान दुसऱ्या दिवशीही उघडावे लागते, आणि गिऱ्हाइकाला रोज नव्याने आपला निर्णय घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, भिंती पबमध्येही होत्या असे तुम्हीच दाखवले. मग फरक कोणता? फरक आहे. वर्गाची भिंत हलकी नव्हती, परंतु चार पैसे जास्त टाकले की ‘रेनबो’च्या उजव्या खोलीतून डाव्या खोलीत जाण्याची शक्यता तरी उरे. खुंटीवरच्या कपाला अशी किंमत नव्हती. कितीही पैसे दिले तरी तो बदलून मिळत नसे. रंगाची भिंत मात्र या कपाच्या बरीच जवळची होती, आणि म्हणूनच स्मेदिकची हकीकत आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावी लागत नाही. ती त्यांना ऐकताक्षणी कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या महाराष्ट्रात बायकांनी गावोगावी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली, तेथे पबचे कौतुक कशासाठी? या बायकांचा लढा आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. भूममध्ये पब निघावा अशी आमची सूचना नाही. किंबहुना हा आक्षेपच आमच्या मुद्द्याला बळ देतो. जेथे दारू चोरून, अंधारात आणि घरातले पैसे उचलून प्यायली जाते, तेथे तिच्याभोवती शेजार उभा राहत नाही. आम्हांला हवा आहे तो शेजार, आणि तो चहावरही उभा राहू शकतो.

तो आज कितपत उभा आहे? खुंटीवरचा कप बहुतेक ठिकाणी दिसेनासा झाला आहे. चळवळीचा, कायद्याचा, शिक्षणाचा आणि शहरातून परतलेल्या तरुणांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु आणखी एक वाटेकरी आहे ज्याची नोंद कोणी घेत नाही, तो म्हणजे कागदी कप. प्यावा आणि फेकावा. कोणाचा कप कोणी विसळायचा हा प्रश्नच त्याने उरू दिला नाही. प्रश्न मिटला, सुटला असे मात्र म्हणवत नाही. कारण सर्वांनी एकच कप वापरण्याची वेळ येण्याआधीच प्रत्येकाला स्वतंत्र, एकदाच वापरायचा कप मिळाला. जुन्या काळी एका समाजाला जसा वेगळा कप होता, तसा आता प्रत्येकालाच आहे. यातून समता आली की केवळ स्पर्श टळला, हा प्रश्न ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांनी विचारावा असा आहे.

आणि एक समूह तर अजून बाकड्यापर्यंत पोचलेलाच नाही. आमच्या वर्गातील बहुतेक मुली एस.टी.ने आसपासच्या खेड्यांतून येतात. सकाळी निघतात, संध्याकाळी पोचतात. डबा खातात तो महाविद्यालयात किंवा स्टँडवर. स्वतःच्या गावच्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसून त्यांनी कधी चहा घेतलेला नसतो. त्या हॉटेलासमोरून जाताना चालीचा वेग वाढवायचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर ‘फॅमिली रूम’ची पाटी असते आणि पडदाही असतो, पण त्या पाटीचा अर्थ पुरुषाबरोबर आलेल्या स्त्रीपुरताच आहे. ऑर्वेलच्या पबमधील बायकांचा वेगळा बार वाचून हसण्याचा अधिकार म्हणूनच आपल्याला पोचत नाही. या मुलींच्या दृष्टीने ‘रेनबो’ आणि गावचे हॉटेल दोन्ही सारखेच परदेशी आहेत.

ब्रिटनमधील खेड्यांत पब बंद पडू लागले तेव्हा काही गावांनी ते वर्गणी काढून विकत घेतले. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या छोट्या गावच्या लोकांनी २००३ मध्ये आपला ‘ओल्ड क्राउन’ सहकारी तत्त्वावर स्वतःकडे घेतला. पब गेला तर गावाला बसायला जागा राहणार नाही, ही त्यामागची साधी भीती होती. आपली गावेही वर्गणी देण्यात मागे नाहीत. देवळाच्या जीर्णोद्धाराला, सप्ताहाला, जयंतीला भरभरून देतात. सहकाराचा अभिमानही आपल्याला आहे. पण जेथे सर्व जातींच्या पुरुषांनी आणि बायकांनी आपापल्या पैशाने शेजारी बसून चहा-भजी खावी अशा जागेसाठी वर्गणी मागितली, तर किती गावे पावती फाडतील?

भाषांतरकारांना आमची विनंती एवढीच की ‘पब’साठी ‘गुत्ता’ लिहू नये. ‘पब’ हा शब्द मराठीत आता रुळला आहे. तो तसाच ठेवावा. मात्र मराठी वाचकाच्या मनात शहरातील कर्णकर्कश संगीताचा पब उभा राहील अशी शक्यता असेल, तर उताऱ्याच्या ओघात एकदा तरी ‘गावचे हॉटेल’ हे शब्द येऊ द्यावेत. तुलना अपुरी आहे, पण तिच्या अपुरेपणातूनच वाचकाला दोन्ही गावे दिसतील.

शिक्षक मित्रांना विनंती थोडी अधिक आहे. ‘रेनबो’चे प्रकरण शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना त्याचा सारांश लिहायला सांगू नये. त्याऐवजी आपल्या गावच्या हॉटेलाविषयी दोन पाने लिहायला सांगावी. ते कोणाच्या मालकीचे आहे, आत कोण बसते, बाहेर उभे राहून कोण पिते, आजोबांच्या वेळी कोणाचा कप कोठे असे, आणि आपल्या घरातील कोणती स्त्री तेथे कधी बसली आहे काय. मुलांना घरी विचारावे लागेल. काही घरांत उत्तर सहज मिळेल, काही घरांत आजोबा गप्प बसतील. ती गप्प राहिलेली घरेही त्या दोन पानांत यावीत. इंग्रजी कादंबरीच्या निमित्ताने असे कागद वर्गात जमले, तर ‘अपांक्तेय’ हा शब्द पुढच्या वेळी समीक्षेत लिहिताना आपला हात क्षणभर थांबेल, आणि तो थांबावा असे आम्हांला मनापासून वाटते.